नव्या घराची पहिली रात्र

गेल्या महिन्यांत एका वाचकभगिनीचें पत्र आलें. पुण्याच्या सदाशिव पेठेंतील त्यांची जुनी इमारत पुनर्विकासासाठीं पाडावयाची आहे. सासूबाई, दीर-जावा, मुलें असें नऊ माणसांचें कुटुंब आधीं भाड्याच्या जागेंत जाणार आणि इमारत उभी राहिल्यावर पुन्हां परत येणार. "दोनदां बिऱ्हाड हलवावयाचें, प्रथम काय जमवावें?" असें त्या विचारतात.

आमचें उत्तर असें कीं, प्रथम कांहींच विकत घेऊं नये. नव्या जागेंतील पहिली रात्र डोळ्यांपुढें आणावी, म्हणजे काय हवें तें आपोआप कळतें. 'वस्तु' आणि 'वास्तु' हे दोन्ही शब्द वैयाकरणांनीं 'वस्', म्हणजे राहणें, या एकाच धातूपासून साधले आहेत. पडदे आणि शोभेचे दिवे यांवांचून राहतां येतें. काडेपेटीवांचून मात्र चहाही होत नाहीं.

आपल्या गृहप्रवेशाचाच क्रम पाहा. भरलेला कलश, दिवा, धान्य, मग शेगडीवर उतूं घातलेलें दूध. म्हणजे पाणी, उजेड, अन्न आणि जळण. हल्लीं हें दूध शेजारून आणलेल्या विजेच्या शेगडीवर उतूं जातें, आणि सामान येऊन पडतें त्या दिवशीं गॅस जोडलेला नसतो! ज्या शेगडीवर रात्रीं खिचडी शिजावयाची तिच्यावरच दूध ठेवावें, असें आमचें मत आहे. गॅसचा पत्ता बदलण्याची खटपट आधींच उरकावी. रबरी नळीवर तिची मुदत छापलेली असते, ती वाचावी आणि जोडणी माहीतगाराकडूनच करून घ्यावी. जागा बरेच दिवस बंद असेल तर नळाचें पहिलें पाणी कांहीं वेळ वाहूं द्यावें, टाकी धुतली आहे कीं नाहीं हें विचारावें आणि पिण्याचे दोन हंडे जुन्या घरूनच भरून न्यावे.

एक पेटी अशी भरावी कीं ती मालमोटारींत सर्वांत शेवटीं चढेल आणि सर्वांत आधीं उतरेल. कुकर, तवा, पोळपाट-लाटणें, सांडशी, विळी, नऊ ताटें, मिसळणाचा डबा, तांदूळ, मुगाची डाळ, तेल, चहा-साखर, साबण, केरसुणी, तांब्या, विजेरी आणि दाराचें कुलूप. ही पेटी स्वयंपाक करणाऱ्या बाईनेंच भरावी. पुरुषमंडळींनीं भरलेल्या पेटींत लाटणें असतें, पोळपाट नसतो.

आतां खरी काळजीची गोष्ट, आणि पत्रांत नेमका तिचाच उल्लेख नाहीं. सासूबाईंचें काय? जुन्या घरांत वृद्ध माणूस रात्रीं उठतें तें डोळ्यांनीं नव्हे, पायांच्या संवयीनें चालतें. नव्या घरांत दाराच्या जागीं भिंत येते, आणि त्या वयांत मोडलेलें खुब्याचें हाड माणसाला कायमचें अंथरुणास खिळवूं शकतें. म्हणून घरांत सर्वांत आधीं त्यांचा पलंग लागावा आणि उतरण्याची बाजू जुन्या घरांत होती तीच ठेवावी. न्हाणीघराच्या वाटेवर रात्रभर जळणारा लहान दिवा आणि आंत धरावयास पक्की दांडी, हीं दोन्ही कामें सामान हलण्यापूर्वींच व्हावीं. औषधें, डॉक्टरांची चिठ्ठी, चष्मा, काठी आणि कवळीची वाटी सुनेच्या हातपिशवींत असावीं. त्यांचा जुना पाट किंवा पितळी डबा 'अडगळ' म्हणून मोडींत काढण्यापूर्वीं त्यांना विचारावें. मुलें विचारीत नाहींत, असा आमचा अनुभव आहे.

कागदपत्रें आणि दागिने मोटारींत चढवूं नयेत. विकासकाशीं झालेला नोंदणीकृत करार, सूची क्रमांक दोन, शिधापत्रिका हीं सर्व एका पिशवींत, एकाच माणसाच्या ताब्यांत असावींत. मतदारयादींतील पत्ता बदलण्यासाठीं नमुना ८ भरावा लागतो. परत येतांना भोगवटा प्रमाणपत्र डोळ्यांनीं पाहिल्याशिवाय मात्र बिऱ्हाड हलवूं नये. किल्ली मिळाली म्हणजे प्रमाणपत्र मिळालें असें नव्हे.

देव हातांत घेऊन जावें, हें सांगावयास नकोच. तुळशीची कुंडी मात्र मालमोटारींत आडवी पडते आणि कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं. तिला सकाळचें ऊन मिळेल असा सज्ज्याचा कोपरा, जागा पाहावयास जाल तेव्हांच हेरून ठेवावा.