एकच चावी सगळ्यांच्या हाती कशाला?

ई-मेल, पासवर्ड, प्रोग्रॅम हे विषय संगणकवाल्या पोरांचे, चळवळीचे नव्हेत, असा समज आपल्यात घट्ट बसला आहे. आम्हीही त्याच समजात होतो. त्याची किंमत आम्हाला नव्हे, तर न्यायासाठी झगडणाऱ्या एका भगिनीला मोजावी लागली. म्हणून हा लेखनप्रपंच.

यवतमाळातून पुसद, उमरखेड, वणी, आर्णी, दिग्रस या तालुक्यांतील बांधवांना आम्ही ई-मेल पाठवतो. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत, वर्गणीची पावती आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अॅट्रॉसिटीच्या खटल्यांच्या तारखा. आमच्याच एका तरुणाने केलेला छोटा प्रोग्रॅम हे काम आपोआप करीत असे. २०२२ च्या उन्हाळ्यात तो मुका झाला. पासवर्ड बरोबर, इंटरनेट चालू, पण पत्र जाईना. आमच्या लक्षात येईपर्यंत एका फिर्यादी भगिनीच्या प्रकरणातील जामिनाची सुनावणी होऊन गेली होती. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १५-अ प्रमाणे अशा सुनावणीची वेळेवर सूचना मिळणे आणि तिथे आपले म्हणणे मांडणे हा पीडिताचा हक्क आहे. हरिराम भांभी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली ही तरतूद बंधनकारक ठरवली. सूचना देणे सरकारचे काम खरे; पण ती वेळेवर पोचेलच असे नाही, म्हणून तर आम्ही आठवण पाठवतो. ती गेली नाही. दोष आमचाच होता. बदलाच्या सूचना आधीपासून येत होत्या, त्या आम्ही उघडूनही पाहिल्या नाहीत.

झाले होते ते असे. पूर्वी कोणत्याही प्रोग्रॅमला खात्याचे नाव आणि मुख्य पासवर्ड दिला की तो आपल्या नावाने पत्रे पाठवू शकत असे. त्यासाठी जीमेलमध्ये 'कमी सुरक्षित अॅप' चालू करण्याचे एक बटणच होते. म्हणजे घराची मुख्य चावी दूधवाल्याला, पेपरवाल्याला, रंगाऱ्याला, सगळ्यांना वाटून टाकायची! एकाच्या हातून ती हरवली की संपूर्ण घर उघडे. गुगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी हा मार्ग बंद करायला सुरुवात केली. अनेकांनी कंपनीच्या नावाने बोटे मोडली. आमच्या मते तो बदल योग्यच होता. चूक होती ती आपल्या सवयीत.

आता दोन मार्ग आहेत. पहिला अॅप पासवर्डचा. खात्याची दुहेरी पडताळणी चालू केली की सोळा अक्षरांचा वेगळा पासवर्ड तयार करता येतो. मुख्य पासवर्डाऐवजी तोच प्रोग्रॅममध्ये टाकायचा; सर्व्हर एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ५८७, जोडणी टीएलएस. प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतंत्र पासवर्ड द्यावा. मग एखादा बंद करायचा झाला तर बाकीची कामे थांबत नाहीत. मात्र मुख्य पासवर्ड बदलला की हे सगळे पासवर्ड रद्द होतात आणि नवे करावे लागतात, हे ध्यानात ठेवावे.

दुसरा मार्ग ओऑथचा. यात प्रोग्रॅमला पासवर्ड कळतच नाही. आपण संमती देतो आणि त्याला मर्यादित परवाना मिळतो. फक्त पत्र पाठव, पेटी उघडून वाचू नकोस, असेही बंधन घालता येते. आम्हा वकिलांना हे चटकन समजते. सर्वाधिकार देणारे मुखत्यारपत्र वेगळे आणि एकाच कामापुरते दिलेले वेगळे. अॅप पासवर्डात ही मर्यादा नसते. त्याने पेटीतील पत्रेही वाचता येतात. म्हणून ज्या खात्यावर पीडितांच्या तक्रारी येतात, त्या खात्यातून प्रोग्रॅमने पत्रे पाठवूच नयेत. पाठवण्यासाठी वेगळे खाते ठेवावे.

एवढी काळजी कशासाठी, असे कोणी विचारेल. भीमा कोरेगाव प्रकरणातील आरोपी रोना विल्सन यांच्या संगणकात ई-मेलला जोडलेल्या फाईलमधून घुसखोरी झाली आणि ती फाईल ओळखीच्या माणसाच्या खात्यातून आली होती, असा निष्कर्ष अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने बचाव पक्षासाठी केलेल्या तपासणीत २०२१ साली काढला. आपल्या नागपूरचे अॅड. सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकाबाबतही तिने त्याच वर्षी अहवाल दिला. तपास यंत्रणेला हे निष्कर्ष मान्य नाहीत. त्याचा निवाडा न्यायालय करील. परंतु धडा आजच घेण्यासारखा आहे. आपले खाते दुसऱ्याच्या हाती गेले, तर आपल्याच नावावरचा विश्वास आपल्याच माणसाविरुद्ध वापरला जाऊ शकतो.

साक्षीदारांची नावे आणि पत्ते गुप्त ठेवण्याचा आदेश देण्याचा अधिकार कलम १५-अ ने विशेष न्यायालयाला दिला आहे. न्यायालयाने झाकलेला पत्ता आपल्या कार्यालयाच्या भिंतीवर चिकटवलेल्या पासवर्डामुळे गावगुंडांच्या हाती पडला, तर आपण कोणत्या तोंडाने त्या कुटुंबासमोर उभे राहणार? दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी प्रमाणे गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण साक्षीदार एकदा फुटल्यावर त्या शिक्षेचा काय उपयोग?

आपल्या संघटनांत आणखी एक रोग आहे. पासवर्ड एकाच कार्यकर्त्याच्या डोक्यात आणि खाते त्याच्याच मोबाईलवर! तो रुसला, गट बदलला की संघटनेचा पत्रव्यवहारही त्याच्याबरोबर जातो. बाबासाहेबांनी आपल्याला घटनात्मक मार्ग दिला. अधिकार व्यक्तीचा नसतो, पदाचा असतो, हे त्यातले मर्म. मग खाते संस्थेच्या नावाने का नसावे? कोणत्या प्रोग्रॅमला कोणता परवाना दिला, याची नोंद सभेच्या इतिवृत्तात का नसावी? पदाधिकारी बदलला त्याच दिवशी जुने परवाने रद्द का करू नयेत?

आम्ही आता हे सुरू केले आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी परवान्यांची यादी तपासतो आणि स्वतःलाच एक चाचणी पत्र पाठवून ते पोचते की नाही ते पाहतो. जामिनाची तारीख असेल तर ई-मेलवर विसंबत नाही, फोनही करतो. त्या भगिनीची हुकलेली सुनावणी परत आणता येणार नाही. दुसऱ्या कोणाची हुकू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे. जयभीम!