शूर कुत्रं आणि रात्रीची साखळी

आमच्याकडं कुत्र्याची परीक्षा एकच असते. भुंकतं का? भुंकत असेल तर कुत्रं चांगलं, नसेल तर भाकरीला भार. आणि चांगलं निघालं की त्याला रात्री अंगणात साखळीनं बांधायचं, म्हणजे राखण झाली आणि आपण झोपायला मोकळे. मला यातलं काहीच पटत नाही. सध्या ऊसतोड चालू आहे, रोज कुणाचा ना कुणाचा फड मोकळा होतोय, म्हणून हे आत्ताच लिहितोय.

मळ्यात आमची दोन कुत्री आहेत, भुऱ्या आणि मैना. दोन्ही गावठी, दोन्ही एकाच ताटातली भाकरी खाणारी. पण स्वभाव बघितला तर एक पूर्व, एक पश्चिम.

भुऱ्या म्हणजे लाऊडस्पीकर. दूधवाला रोज सकाळी सहाला येतो. चार वर्षं तोच माणूस, तीच गाडी, तरी भुऱ्या रोज नव्यानं भुंकतो. उसाचा ट्रॅक्टर, वानरं, चाऱ्यावर टाकलेला जुना फ्लेक्स वाऱ्यानं फडफडला तरी भुंकणार. पाहुणा आला की आधी अंगावर धावून जातो आणि दोन मिनिटांत त्याच्याच पायात लोळण घेतो. भाकरी टाकली तर खाली पडू देत नाही. ठिबकच्या नळ्या चावायची खोड आहे, त्याच्यामुळं जॉइनर कायम खिशात ठेवावे लागतात. घाबरणं मात्र त्याला ठाऊक नाही. उसात खुडबुड झाली की सरळ आत घुसतो.

मैना आठवड्यातून दोनदा भुंकली तर खूप. अनोळखी माणसाला हात लावू देत नाही, पण दातही दाखवत नाही, उठून लांब जाऊन बसते. अर्धी भाकरी खाते, अर्धी उकिरड्यात पुरून ठेवते आणि दोन दिवसांनी बरोबर तिथंच उकरते. गहू ओंबीवर आला की बांधावरची उंदरांची बिळं ती एकटी उकरून काढते. त्या कामाची मजुरी कुणी धरत नाही.

शेजारचे तात्या मला दर सणाला सांगतात, "अरे, ती मुकी कुत्री कशाला पोसतोस? त्यात मादी. दे सोडून बाजाराच्या दिवशी." नसबंदी करून घेतली आहे असं सांगितलं तर म्हणतात, "मग तर काहीच उपयोगाची नाही!" आता यावर काय बोलायचं. मादी पिल्लं पोत्यात घालून घाटात सोडायची आणि मग रस्त्याला मोकाट कुत्री वाढली म्हणून आपणच ओरडायचं, असं चाललंय आपलं.

मैनेचा उपयोग मला रात्री कळतो. आमच्या फिडरला थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात बारा-एकला बारं द्यायला जावंच लागतं. भुऱ्या बरोबर असेल तर पन्नास फूट पुढं पळतो आणि बॅटरीच्या उजेडाबाहेर असतो. मैना माझ्यामागं दहा पावलांवर. ती थांबली की मी थांबतो. मान खाली, पाठीवरचे केस उभे, तोंडातून चकार शब्द नाही, आणि पुढं एक पाऊल टाकणार नाही. मागच्या डिसेंबरात ती अशीच थांबली. मी मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावली आणि मागं फिरून घर गाठलं. सकाळी बघतो तर तिसऱ्या सरीच्या ओल्या मातीत बिबट्याचे ठसे.

म्हणजे ज्याला आपण भित्रं कुत्रं म्हणतो ते जगतं, आपल्यालाही सावध करतं. शूर कुत्रं उसाकडं धावतं आणि तेच जातं.

जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर, अकोले या पट्ट्यात बिबट्या काय खातो हे कुणाला नवीन नाही. अकोल्याकडं विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला होता, २०१६ मध्ये तो छापून आला. त्यात बिबट्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, वजनाच्या हिशोबानं सुमारे ३९ टक्के. शेळ्यांचा वाटा त्याच्या खूप खाली. आपल्याला वाटतं बिबट्या शेळीसाठी येतो, पण त्याचं रोजचं जेवण आपल्या दारातलं कुत्रं आहे. आणि साखळीला बांधलेलं कुत्रं पळूही शकत नाही. हिमालयात गद्दी मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात, कारण बिबट्या गळाच धरतो. आपण गळ्यात साखळी घालतो.

आमच्या आप्पांचं म्हणणं वेगळं. "कुत्रं आत कोंडलं तर राखण कोण करणार? मग पाळायचं तरी कशाला?" म्हातारा माणूस, साठ वर्षं मळ्यात काढलेली, त्यांचं सहज उडवून लावता येत नाही. पण मी त्यांना म्हटलं, "आप्पा, कुत्र्याचे कान आणि नाक जाळीच्या आत बंद होतात का?" आत असलं तरी त्याला वास येतो, ते भुंकतं, आपण जागे होतो. राखणीचं जेवढं काम त्याचं आहे तेवढं आतूनही होतं. बिबट्याशी झुंजणं हे त्याचं काम नव्हतंच कधी.

काही जण तर उघड बोलतात, कुत्र्यावर भागलं तर शेळी वाचते. हे ऐकायला वाईट वाटतं, पण बोलणारा निदान खरं बोलतो. प्रश्न असा की ज्या दारात एकदा सोपं खायला मिळालं त्या दारात बिबट्या परत येणार नाही का? आणि कुत्रं संपल्यावर त्या अंगणात संध्याकाळी कोण खेळत असतं? ऊस तोडला की त्याची लपायची जागा जाते, तो या फडातून त्या फडात हलतो, वस्तीच्या जवळून जातो. अशा दिवसांत दारात जेवण बांधून ठेवायचं, हा कसला हिशोब? गाय, शेळी, मेंढी गेली तर वनखात्याकडं भरपाईचा अर्ज तरी करता येतो. कुत्र्याचा पंचनामा झालेला मी अजून बघितला नाही.

आम्ही गोठ्याच्या कोपऱ्यात दोघांसाठी खोपा केलाय. भंगारातले अँगल, बाजूनं तारेची जाळी, खाली दोन फूट वीट बांधकाम म्हणजे उकरता येत नाही. वरूनही जाळी घातली आहे, कारण बिबट्या चढतो. दार आतल्या बाजूला, गोठ्यात उघडतं. साडेचार हजार खर्च आला, जाळीचाच जास्त. शेळ्यांचा वाडा आधीच बंदिस्त होता. तो उघडा असेल तर आधी तो करा, कुत्रं म्हणजे भिंत नव्हे.

भुऱ्यानं पहिले तीन दिवस दार ओरबाडून आम्हाला झोपू दिलं नाही. चौथ्या दिवशी घरच्यांनी भाकरी आतच ठेवायला सुरुवात केली, मग गेला गपचूप. मैनेला एकदाही ढकलावं लागलं नाही. दिवस मावळला की आपणहून आत जाऊन कोपरा धरते, कुणी सांगायच्या आधी. आप्पा अजून नाराज आहेत, पण परवा रात्री भुऱ्या आतून वेगळ्याच आवाजात भुंकायला लागला तेव्हा सगळ्यात आधी बाहेरचा बल्ब त्यांनीच लावला. "आहे का रे दोघं आत?" एवढंच विचारलं.

रविवारी सकाळी आठला डॉक्टर मळ्यात येणार आहेत, दोघांची रेबीजची वर्षाची लस आहे. आसपासच्या कुणाला आपलं कुत्रं आणायचं असेल तर शनिवारपर्यंत सांगा, म्हणजे ते तेवढ्या लसी बर्फात घेऊन येतील. येताना दोरीनं धरून आणा, भुऱ्या मोकळा असेल.