पट्टायाचा बाजार आणि आपले संस्कार

थायलंडमधील पट्टाया हे एके काळी कोळ्यांचे साधे गाव होते. व्हिएतनाम युद्धाच्या काळात रजेवरील अमेरिकी सैनिकांची तेथे रीघ लागली आणि किनाऱ्यावर देहविक्रयाचा बाजार उभा राहिला. वेश्याव्यवसायावर थायलंडने १९६० सालीच कायद्याने बंदी घातली होती. परंतु १९६६च्या कायद्याने बार आणि मसाज पार्लर यांना परवाने देऊन मागचे दार उघडे ठेवले. १९७६पर्यंत सैनिक परतले, बाजार मात्र उरला. ‘वॉकिंग स्ट्रीट’च्या झगमगाटात उभ्या असलेल्या अनेक मुली ईशान्येकडील ईसान या गरीब शेतीप्रदेशातून आलेल्या असतात. त्यांनी पाठविलेल्या पैशावर गावाकडची चूल पेटते.

या बौद्ध देशाला नावे ठेवणे सोपे आहे. पण बाजार ग्राहकावर चालतो, आणि आता त्याच रस्त्यावर भारतीयांसाठी नाइटक्लब उभे आहेत. नोव्हेंबर २०२३मध्ये थायलंडने भारतीयांना व्हिसामाफी दिली आणि वाट आणखी सुकर झाली. परस्त्री मातेसमान, ही शिकवण घरी सांगायची आणि विमानात बसताना ती मागे ठेवायची, हा दांभिकपणा आहे. ईसानच्या शेतकऱ्याची लेकही लेकच असते. आपला मुलगा परदेशी कसा वागतो, यावरच घरातील संस्कारांची खरी परीक्षा होते.