फटी मोजणारी माणसं

पौड मागे टाकून मुळशी धरणाच्या कडेकडेने ताम्हिणीकडे निघालात, की काळ्या-पांढऱ्या वेटोळ्यांच्या कागदात गुंडाळलेली एखादी गाडी समोरून येण्याची बऱ्यापैकी शक्यता असते. लाल पाटीवर पांढरा नंबर, पुढे-मागे नको तिथे फुगवटे, दिव्यांभोवती नुसती भोकं. आमच्याकडे तिला ‘टेस्टिंगची गाडी’ म्हणतात. परगावचा माणूस ती बघून चमकतो. इथल्या म्हशी मानसुद्धा वळवत नाहीत. पोरं मात्र हातातला वडापाव तसाच धरून मोबाइल काढतात.

या गाड्या इथेच का, हे कळायला नकाशा पुरतो. टाटांचा कारखाना पिंपरीत. महिंद्रा, फोक्सवॅगन आणि मर्सिडीज चाकणला. गाड्यांच्या परीक्षा घेणारी एआरएआय ही संस्था १९६६ सालची, आणि ती कोथरूडला पौड रस्त्यालगतच्या वेताळ टेकडीवर. पिरंगुटला सुट्या भागांचे कारखाने. आणि तासाभराच्या अंतरावर आमचा घाट : चढ, आंधळी वळणं, जुलैत चार हातांवरचं दिसू न देणारं धुकं, उतरलं की माणगावची चिकट उष्णता. पीथमपूरला ११.३ किलोमीटरचा मोठा गोल ट्रॅक झाला आहे, तिथे गाडी हवी तेवढी पळवता येते. पण तिथे रस्त्याच्या मधोमध रवंथ करत बसलेली गाय कुठून आणणार?

तर अशी गाडी टपरीपाशी थांबली, की तिचा ड्रायव्हर डॅशबोर्डवर काळं फडकं टाकतो आणि चहा पिताना कुणाशी नजर मिळवत नाही. मग सुरू होते चर्चा. गणपतीच्या आधी मांडवाला पत्रे आणि कापड लावून आत देखावा उभा राहत असतो, तेव्हा गल्लीतली पोरं फटीला डोळा लावून ‘यंदा अफझलखान आहे’ असं छातीठोक सांगतात ना, अगदी तसं. फरक एवढाच की मांडवातली पोरं दहा वर्षांची असतात, आणि इथे पन्नाशीचे सरपंचही वाकून चाकं बघतात.

एकदा मी आपला दिव्यांकडे बघत होतो. शेजारच्या गॅरेजमधला पोरगा म्हणाला, “काका, लायटी काय बघताय? त्या टेंपरवारी असत्यात. काच बघा. काच कुणाला झाकता येत नाय.”

हे वाक्य म्हणजे या शास्त्राचा पायाच आहे. पत्र्यावर फोमचे तुकडे चिकटवता येतात, खोटे उंचवटे देता येतात. वेटोळ्यांच्या नक्षीमुळे पत्र्यावरची घडी कुठे उठते आणि कुठे बसते ते डोळ्याला कळत नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी जहाजांवर असेच पट्टे रंगवले होते. जहाज लपत नव्हतं, पण ते कोणत्या दिशेला आणि किती वेगाने चाललंय याचा अंदाज पाणबुडीतल्या माणसाला लागत नसे. टेस्टिंगच्या गाडीचंही तेच. मात्र चालवणाऱ्याला समोरचं दिसायला हवं, म्हणून पुढची काच उघडी राहते आणि तिचा कल कळतो. दोन चाकांमधलं अंतर लपत नाही. आरसे, छताची रेघ, जमिनीपासूनची उंची, दारांच्या मुठी कुठे आहेत, हे सगळं जाणत्याला वाचता येतं. महिंद्राच्या पाच दारांच्या थारची मागच्या दाराची मूठ काचेच्या मागे, खांबावर उभी बसवली आहे, हे गाडी बाजारात येण्याच्या कितीतरी आधी पोरांना पाठ होतं. नावाचा अंदाज मात्र साफ फसला. सगळे ‘आर्माडा’ धरून बसले होते, आणि १५ ऑगस्ट २०२४ च्या सुमारास गाडी आली ती ‘रॉक्स’ होऊन.

त्या थारच्या वेळी जाळीच्या उभ्या फटी मोजण्याचा जो खेळ चालला होता, तो मला आधी पोरकट वाटायचा. सात की सहा? पण त्यामागे कोर्टकचेरी आहे. सात फटी ही जीपची ओळख. महिंद्राची ‘रॉक्सॉर’ अमेरिकेत गेली तेव्हा जीपवाल्यांनी दावा लावला, आणि २०२० साली तिथल्या व्यापार आयोगाने रॉक्सॉरचं रूप जीपच्या फार जवळ जातं असा निकाल दिला. महिंद्राला तोंडवळा बदलावा लागला. नंतर आलेल्या रॉक्सच्या जाळीला फटी सहा. म्हणजे टपरीवर बसून फटी मोजणारा पोरगा नकळत ट्रेडमार्क-वकिलाचं काम करत होता, तेही फुकट.

आमच्या लहानपणी असले अंदाज कुणी बांधत नसे. बांधायचे कशाचे? ॲम्बॅसडर १९५७ साली आली आणि २०१४ साली बंद झाली. मधल्या काळात जाळी बदलली, दिवे-बंपर थोडे हलले, की झाली नवी ‘मार्क’. फियाटची पद्मिनी झाली तरी बाई तीच. चेतकसाठी नंबर लावलेल्या घरात चर्चा व्हायची ती नंबर कधी लागणार याची; स्कूटर कशी दिसेल हे सगळ्या गल्लीला आधीच माहीत होतं. तंगी वस्तूची होती, रूपाची उत्सुकता हा चैनीचा प्रकार होता. आज गाडी शोरूममधून आठवड्यात मिळू शकते, तर लोक दोन-दोन वर्षं तिच्या टेललॅम्पवर भांडतात.

भांडणांत सगळ्यात गोड भांडण सिएराचं. पहिली सिएरा १९९१ ची, पुण्यात बनलेली. पुढे दोनच दारं, पाठीवर स्टेपनी, आणि मागच्या बाजूच्या काचा वर जाऊन छतात वळलेल्या. त्या काचा उघडत नसत, आणि मागे बसायला पुढची सीट वाकवून आत शिरावं लागे. धंद्याच्या हिशेबात गाडी फारशी चालली नाही, पण बघणाऱ्याच्या डोक्यातून गेली नाही. २०२० च्या ऑटो एक्स्पोत टाटांनी नव्या सिएराची कल्पना मांडली, २०२३ मध्ये आणखी पक्की मांडली, आणि मग टेस्टिंगच्या गाड्या दिसू लागल्या. एकच प्रश्न : काच वळणार का?

गॅरेजवाल्याचं ठाम मत होतं की वळणार नाही. पाच दारं म्हटल्यावर मागची काच खाली उतरायला हवी, आणि वळलेली काच दारात उतरेल कशी? दुसरा एक गडी म्हणे, काच नाही वळली तर ती सिएराच नव्हे. गंमत अशी, की या दुसऱ्याचा जन्मच मुळी जुनी सिएरा बंद होण्याच्या सुमारासचा. त्याच्या घरी ती कधी नव्हती, तो तिच्यात कधी बसला नाही. आजोबांच्या जमान्यात पौडला कुणा ठेकेदाराकडे एक होती म्हणतात, तेवढंच. आपल्याकडे नसलेल्या गाडीची इतकी ओढ मला कळते. रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहिलेली किंवा नुसती ऐकलेली गाडी कधी रुसत नाही, तिचा हप्ता थकत नाही, क्लच जळत नाही. मालकाला गाडीचे दोष आठवतात. कडेला उभ्या असलेल्याला फक्त तिची काच आठवते. आणि नव्या गाडीचं रूप ठरवणाऱ्या कंपन्यांना हे बरोबर ठाऊक असतं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये गाडी आली. काच वळलेली नाही. पण खांब आणि छताची कड काळी करून लांबून वळल्यासारखी भासवली आहे. दोघांनीही आपणच जिंकलो असं जाहीर केलं. माझ्या मते ही टाटांची हुशारी आहे आणि थोडी चलाखीही.

याच खोऱ्यात १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध शेतकरी सेनापती बापटांबरोबर उभे राहिले होते, आणि आज त्याच पाण्याच्या काठी टाटांच्या काचेवरून हमरीतुमरी, असं मी एकदा बोलून पाहिलं. “काका, धरण वेगळं, सिएरा वेगळी,” असं उत्तर आलं. ‘मुळशी पॅटर्न’ हा सिनेमा येऊन गेल्यापासून जमीन आणि गाडी हा विषय कुणी फार ताणत नाही.

सध्या वाद आहे तो महिंद्राच्या चार नमुन्यांचा. १५ ऑगस्ट २०२५ ला मुंबईत त्यांनी व्हिजन मालिकेतल्या चार गाड्या दाखवल्या, आणि त्यातून पुढची बोलेरो कोणती निघणार यावर टपरीवर तट पडले आहेत. बोलेरो हा इथे हौसेचा विषयच नाही. दुधाचे कॅन, वऱ्हाड, सिमेंटची पोती, बाळंतीण, सगळं तिच्यातून गेलंय. त्यामुळे तिच्या रूपावर बोलायला एरवी गप्प बसणारे म्हातारेही पुढे सरसावतात. दूध घालणाऱ्या एका मामांची मागणी साधी आहे : चपटं बोनेट, वर कॅरियर, आणि पुढे उघडी जाळी.

“जाळी कशाला, मामा? आता बंद तोंडाच्या गाड्या येतायत, नुसती लायटीची पट्टी.”

“आणि दसऱ्याला झेंडूचा हार कुठं अडकवायचा?”

गॅरेजवाल्याकडेही याचं उत्तर नव्हतं. त्याने वायपरला अडकवायचा पर्याय सुचवला, तो मामांनी हाणून पाडला. शेवटी दोघांनी मिळून असं ठरवलं, की चाकणवाल्यांनी बंपरमध्ये दोन हूक द्यावेत, आणि ते टॉप मॉडेललाच न देता सगळ्यांना द्यावेत.