एका विशेषणाचे चार प्रतिशब्द

इंग्रजीतील ‘सिव्हिल’ या विशेषणाला कोणताही एक मराठी प्रतिशब्द पुरा पडत नाही. ही मराठीची उणीव समजून एकच प्रतिशब्द प्रमाण ठरवावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखकाला हे मत मान्य नाही.

जबलपूरच्या नेपियर टाउनमधील मराठी भाषिकाच्या कानी हा शब्द नित्य पडतो. शहरात सिव्हिल लाइन्स ही वस्ती आहे, उच्च न्यायालय आहे, आणि हिंदीच्या विधिपरिभाषेने ‘सिविल’ हाच शब्द कायम ठेवला आहे. मराठीत मात्र दावा ‘दिवाणी’, कारभार ‘मुलकी’, हक्क ‘नागरी’ आणि कायदेभंग ‘सविनय’ असतो.

मूळ लॅटिन ‘किविलिस’ हे विशेषण ‘किविस’ म्हणजे नागरिक या नामापासून सिद्ध झाले. नागरिकाचा, राज्यविषयक आणि सौजन्यशील हे अर्थ लॅटिनमध्येच एकत्र नांदत होते. मराठीने ते वेगळे केले. ‘दिवाणी’ या फारसी वळणाच्या शब्दामागे १७६५ साली कंपनीला मिळालेल्या बंगालच्या दिवाणीचा इतिहास आहे. ‘सविनय’ या शब्दाने त्यातील सौजन्य तेवढे वेचले.

हे भेद केवळ कोशगत नव्हेत. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहाचा प्रारंभ जबलपुरात झाला. पुढे नागपुरात राष्ट्रीय निशाण घेऊन सिव्हिल लाइन्सकडे जाण्यास मनाई करण्यात आली. नागरिकावरून जन्मलेले विशेषण ज्या वस्तीच्या नावात होते, तेथेच नागरिकाला मज्जाव झाला. कारण तेथे त्याचा अर्थ ‘मुलकी’, म्हणजे लष्करी नव्हे तो, एवढाच होता.

आज संविधानाच्या ४४ व्या अनुच्छेदातील संहितेला आपण ‘समान नागरी कायदा’ म्हणतो. वस्तुतः ‘नागरिक’ हा शब्द त्या अनुच्छेदात स्वतंत्रपणे आलेला आहे. विशेषणाचा रोख विवाह, वारसा, दत्तक अशा दिवाणी विषयांकडे आहे. १९०८ च्या प्रक्रिया संहितेत हेच विशेषण आपण ‘दिवाणी’ असे अनुवादतो. ‘नागरी’ म्हणताच मात्र कौटुंबिक कायद्याच्या चर्चेत नागरिकत्वाची कसोटी नकळत शिरते.

मूळ शब्द तसाच ठेवल्यास हा प्रश्न झाकला जातो. मराठी अनुवादकाला निवड करावीच लागते, आणि ती वाचकाला दिसते. म्हणून कोशकारांनी चारही शब्द राखावेत आणि प्रत्येकाचे क्षेत्र नोंदवावे. विधेयकाचा मसुदा मराठीत आणणाऱ्यानेही आपली निवड कारणांसह मांडावी.