‘पौरुष’ या शब्दाचा जाच

मराठीत ‘पौरुष’ हा एकच शब्द आपण तीन ठिकाणी राबवतो. रणातला पराक्रम, कर्तबगारी आणि वैद्याच्या पाटीवरची लैंगिक क्षमता. ‘वीर्य’ तर याहून बोलका: एकाच शब्दात शौर्यही आणि शुक्रही. समीक्षेने ‘वीर्यवान गद्य’ असे कौतुक केले तेव्हा कोणाला हसू आले नाही. शब्दांच्या या काटकसरीची किंमत कोण मोजतो, याची चौकशी साहित्याच्या अभ्यासकांनी केलेली आम्हांला दिसत नाही.

महाड-पोलादपूरचा मुलूख घ्या. रायगड महाड तालुक्यात, तर तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ पोलादपूर तालुक्यात. येथल्या मुलाच्या कानांवर ‘मर्द मावळा’ हे शब्द पाळण्यातच पडतात. पोवाडा आम्हांलाही प्रिय आहे. तक्रार पोवाड्याविषयी नाही. पण याच मुलखातल्या पंचेचाळिशीच्या माणसाला सततचा थकवा जाणवतो, दाढी विरळ होते, इच्छा मावळते, तेव्हा त्याने हे कोणत्या शब्दांत सांगावे? भाषेने त्याच्यापुढे दोनच शब्द ठेवले आहेत, मर्द आणि षंढ. तिसरा ‘कमजोरी’, आणि तो भिंतीवर रंगवलेल्या जाहिरातीचा आहे. मग तो माणूस जाहिरातवाल्याकडेच जातो, यात नवल ते काय? लैंगिक सामर्थ्य वाढवण्याच्या औषधांची जाहिरात करण्यास १९५४ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. भिंतींना हे कोणी कळवलेले नाही.

वस्तुस्थिती पाहावी तर ती अगदी रुक्ष आहे. टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक १९३५ मध्ये वेगळे काढले गेले आणि त्याच वर्षी प्रयोगशाळेत तयारही झाले. त्याची कमतरता ठरवायची तर दोन निरनिराळ्या दिवशी, सकाळी उपाशीपोटी रक्त तपासावे लागते. जोडीला लक्षणेही असावी लागतात. दोष वृषणात आहे की मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीत, हे शोधावे लागते. लठ्ठपणा व मधुमेह यांनीही पातळी उतरते. कमतरता खरी असेल तर इंजेक्शनाने किंवा जेलने गुण येतो, आणि तो नाकारण्याचे कारण नाही. मात्र बाहेरून संप्रेरक मिळू लागले की शरीर स्वतःचे शुक्रजंतू तयार करणे कमी करते, कधी थांबवतेच. म्हणजे मूल हवे असलेला तरुण ‘मर्दानगी’साठी ही सुई टोचून घेईल तर बाप होण्यालाच मुकण्याचा संभव! रक्त दाट होते, म्हणून तेही वरचेवर तपासावे लागते. हृदयविकाराचा धोका असलेल्या पाच हजारांहून अधिक पुरुषांवरील एका अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. औषधाने हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत, पण हृदयाची अनियमित गती आणि फुप्फुसात गुठळी अडकणे यांचे प्रमाण अधिक दिसले.

या सगळ्यात पराक्रमाचा संबंध कुठे येतो? थायरॉईडच्या गोळीने कोणाचे चारित्र्य ठरत नाही. मग याच संप्रेरकावर अब्रू का टांगावी?

हा वैद्यकाचा विषय, साहित्याचा नव्हे, असे कोणी म्हणेल. त्यांनी १९२७ हे साल आठवावे. मार्चमध्ये महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, जुलैत र. धों. कर्व्यांचे ‘समाजस्वास्थ्य’ निघाले. पुढे १९३४ मध्ये वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र घेतले ते महाडच्या त्याच डॉ. आंबेडकरांनी. खटला हरला, दंड झाला. साधी विचारणा करणाऱ्याला साधे उत्तर मिळावे, एवढाच कर्व्यांचा गुन्हा. आम्ही प्राध्यापक मंडळी तळे शिकवतो आणि हा खटला तळटिपेत ढकलतो. असो.

अग्रलेखात सरकार ‘षंढ’ असते, भाषणात विरोधकांना बांगड्या भरायला सांगतात, समीक्षेत न आवडलेली कादंबरी ‘निर्वीर्य’ ठरते. लिहिणाऱ्याला वाटते, हे केवळ रूपक आहे. ज्याच्या रक्ताच्या अहवालात आकडा खाली आला आहे, तो मात्र हे रूपक स्वतःचे नाव म्हणून वाचतो आणि अहवाल खिशात लपवतो. विद्यापीठांतल्या मित्रांनी निदान शैलीविचाराच्या तासाला या तीन शब्दांची छाननी करावी. आमच्यापुरते बोलायचे तर येथे येणाऱ्या परीक्षणांतून आम्ही ते यापुढे काढून टाकणार आहोत, लेखक कितीही ज्येष्ठ असला तरी.