हुक्का आणि चंची

धूम्रपानाचा मी विरोधक. तरीही जुने हुक्के जमवणाऱ्यांना नावे ठेवणार नाही. १६०४ च्या सुमारास असद बेगने विजापुराहून अकबराकडे तंबाखू नेली, तीही रत्नजडित नळीसकट! जस्त-तांब्याच्या बिदरी हुक्क्यावरची चांदीची वेलबुट्टी, बीदरच्या किल्ल्यातील मातीने त्याला येणारा काळा रंग, ही कारागिरी जपलीच पाहिजे. (काही शौकीन त्याची फुलदाणी करतात, त्यांना काय म्हणावे?)

पण या संग्राहकांनी चंची का वगळावी? पान, सुपारी, चुना, तंबाखू यांचे वेगवेगळे कप्पे असलेली ती कापडी पिशवी शेतकऱ्याच्या कमरेला असे. माझ्या आजोबांची चंची आजीने लुगड्याच्या काठाची शिवली होती. हुक्का काचेच्या कपाटात गेला. चंची फाटली की चुलीत! तुमच्या माळ्यावर एखादी उरली असेल, तर टाकण्यापूर्वी तिचे कप्पे उलगडून पाहा.